क्रूझवर निघताय? बेटांवरचे तास आधी ठरवा

फ्लोरिडातलं पोर्ट कॅनव्हरल हे मोठं क्रूझ बंदर आमच्या घरापासून तासाभरावर आहे. त्यामुळे भारतातून आई-बाबा, सासूबाई, मामेभावंडं, कुणीही यायचं ठरलं की क्रूझची चौकशी माझ्याकडे येते. त्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगते. जहाजावर तुम्ही काहीही ठरवलं नाहीत तरी अडत नाही. जेवण, खोली, पोहण्याचे तलाव, रात्रीचे कार्यक्रम सगळं तयार असतं. बेटावर मात्र मोजके तास मिळतात. जहाज आठ-नऊ तास थांबलं, तरी उतरायची रांग, परतायची रांग आणि उन्हात दमलेली मुलं-म्हातारी धरता हातात चार-पाच तासच उरतात. ते कसे घालवायचे हे घरी बसून ठरवा. बंदरावर उतरल्यावर ठरवायला लागलात की पहिला तास तिथेच जातो.

पुढचं सगळं पश्चिम कॅरिबियनच्या फेरीबद्दल आहे. त्यात बहामातलं कोकोके, मेक्सिकोचं कोझुमेल आणि ग्रँड केमन ही बेटं येतात. आमच्याकडची मंडळी बहुतेक याच बाजूला जातात आणि मलाही हीच बेटं नीट माहीत आहेत.

आधी कागद

अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतणारी क्रूझ असली, तरी भारतीय पासपोर्टवाल्याच्या दृष्टीने ते देश सोडून पुन्हा आत येणंच असतं. व्हिजिटर व्हिसा बहुधा मल्टिपल एंट्री असतो, तरीही पासपोर्ट उघडून शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि शिक्क्याची मुदत संपली असेल, तर आगाऊ पैसे भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही. बाकी प्रत्येक बेटाबद्दल ‘भारतीय पासपोर्टवर काय लागेल’ हे क्रूझ कंपनीला ईमेलने विचारा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

मोसमाचंही बघा. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यात तिकिटं स्वस्त असतात, पण वादळ आलं तर जहाज मार्ग बदलतं आणि तुमचं बेट चुकतं. हिवाळ्यात वादळं नसतात, पण उत्तरेकडून थंड वारे येतात. कोकोकेचा धक्का उघड्या समुद्रावर असल्याने जोराच्या वाऱ्यात जहाज तिथे लागत नाही. मला विचाराल तर एप्रिलचा शेवट आणि मे महिना घ्या. स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि पाणी कोमट झालेलं असतं.

मनगटावर साधं घड्याळ हवंच

हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझ्या यादीत ते पासपोर्टच्या खालोखाल आहे. कोझुमेल आणि ग्रँड केमन या दोन्ही ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. फ्लोरिडात करतात. म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ही बेटं फ्लोरिडाच्या एक तास मागे असतात. जहाज फ्लोरिडाच्याच वेळेवर चालत असेल आणि ‘चार वाजता सगळे परत’ असं सांगितलं असेल, तेव्हा बेटावरच्या टॉवरशी जोडलेला तुमचा फोन तीन दाखवतो. तुम्ही निवांत शहाळं पीत बसता आणि तिकडे शिडी उचलली जाते. काही जहाजं बेटाप्रमाणे आपली वेळ बदलतात, काही बदलत नाहीत. त्यामुळे उतरण्याआधी दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारून घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर त्यावरच चाला. फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून ठेवा.

परतायची वेळ म्हणजे जहाज सुटायची वेळ नव्हे. बहुधा अर्धा तास आधी, आणि छोट्या बोटीने ये-जा असेल तर त्याहूनही आधी, सगळ्यांनी आत असावं लागतं. जहाजातर्फे घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय करतं. बाहेरून स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी कुणीही थांबत नाही. म्हणून माझा नियम असा आहे: लांबचं, बोटीचं, वेळ हातात नसणारं काही असेल तर जहाजाकडून घ्यायचं, गावातलं, टॅक्सीने दहा मिनिटांवरचं असेल तर स्वतः जायचं. पैसे वाचतात आणि जीवही टांगणीला लागत नाही.

कोकोके आणि कबानाचं गणित

कोकोके हे बहामाच्या बेरी बेटांपैकी एक छोटं बेट. त्याचं जुनं नाव लिटल स्टिरप के. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने त्यावर २५ कोटी डॉलर खर्च करून २०१९ मध्ये ते नव्याने उघडलं. जहाज थेट धक्क्याला लागतं, त्यामुळे छोट्या बोटीची दगदग नाही. धक्का लांब आहे, पण तिथे आणि बेटावर फिरायला फुकट ट्राम असते. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच न करता तिच्यात बसावं.

इथे फुकट काय आणि पैशांचं काय हे आधी समजून घ्या. किनारे, आरामखुर्च्या, ओएसिस लगून नावाचा गोड्या पाण्याचा प्रचंड तलाव, दुपारचं साधं जेवण, हे सगळं तुमच्या तिकिटात आलं. वॉटर पार्क, हेलियमच्या फुग्यातून वर जाणं, कोको बीच क्लब, फक्त मोठ्यांसाठीचा हाइडअवे बीच आणि कबाना यांना वेगळे पैसे लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला मी सांगते की फुकटातलंच आधी पुरेपूर वापरा. एका दिवसात तेवढंसुद्धा पुरं होत नाही.

कबाना म्हणजे पडदे, सावली, गाद्या घातलेल्या बैठका, पंखा किंवा वारा यायची सोय, टॉवेल, पिण्याचं थंड पाणी आणि हाताशी एक मदतनीस, अशी दिवसभराची छोटी खोली. भाव ठरलेला नसतो. जहाज, आठवडा आणि कबानाची जागा यांप्रमाणे तो काही शे डॉलरपासून हजारांच्या वरपर्यंत जातो. पाण्यावर खांब टाकून बांधलेल्या कबाना सगळ्यांत महाग.

घ्यावी का? माणसं मोजा. दोघं तरुण असाल आणि दिवसभर पाण्यात राहणार असाल तर अजिबात घेऊ नका. रिकाम्या कबानाचं भाडं भराल. सहा-आठ जणांचं कुटुंब असेल, त्यात सत्तरीचे आई-वडील आणि दुपारी झोपणारं बाळ असेल, तर घ्या. डोक्यामागे भाडं बऱ्यापैकी उतरतं आणि मुख्य म्हणजे कुटुंब एका जागी राहतं. माझ्या सासूबाई पाण्यात उतरत नाहीत. कबाना असली की त्या गादीवर पाय लांब करून जपाची माळ ओढतात, लेक ओल्या अंगाने दर अर्ध्या तासाने येऊन त्यांच्याकडून चिवडा घेऊन जाते आणि आम्हा दोघांना एकदम पाण्यात जाता येतं. सामानाजवळ कोण बसणार हा वाद उरत नाही.

घ्यायचीच असेल तर क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या बुकिंगमध्ये ती दिसायला लागल्याबरोबर घ्या. चांगल्या जागा महिनोन्‌महिने आधी जातात. नंतर भाव उतरला तर जहाज निघण्याच्या मुदतीआधी जुनी रद्द करून नव्या भावाने घेता येते, म्हणून दर पंधरवड्याला एकदा डोकावत राहा. थँक्सगिव्हिंगच्या आसपास सवलती लागतात. वाऱ्यामुळे जहाज बेटाला लागलंच नाही, तर जहाजाकडून घेतलेल्या कबानाचे पैसे परत मिळतात.

जागा निवडताना सगळे समुद्राचं दृश्य बघतात. मी आधी स्वच्छतागृह किती लांब ते बघते, मग जेवणाची टपरी, मग समोरचं पाणी उथळ आहे का ते. वयस्कर माणसाला मऊ वाळूत दोनशे पावलं म्हणजे मोठी चाल. वाळूतून चालणारी जाड चाकांची खुर्चीही मागितली की मिळू शकते. ती सकाळी लवकर मागा.

कबाना नको असेल तर तिचा पर्याय म्हणजे लवकर उतरणं. बहुतेक लोक पोटभर न्याहारी करून दहा-साडेदहाला बाहेर पडतात. तुम्ही दार उघडल्यावर तासाभरात उतरलात तर छत्रीखालच्या खुर्च्या आणि मोकळं पाणी दोन्ही मिळतं. मग ऊन चढल्यावर दीड-दोन वाजता जहाजावर परत जा. तेव्हा जहाजावरचे तलाव ओस पडलेले असतात, मुलांना ते सगळे एकट्याने वापरायला मिळतात.

जेवण

आपल्याकडच्या लोकांना जहाजाची भीती वाटते ती जेवणासाठी. तशी गरज नाही, पण मागायचं कसं ते कळायला हवं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलंत तर पास्ता, भाजलेल्या भाज्या आणि सॅलड येतं. ‘इंडियन व्हेजिटेरियन’ म्हणा. पहिल्या संध्याकाळी मुख्य भोजनगृहात गेलात की तुमच्या वेटरला आणि हेड वेटरला बोलावून सांगा: इतकी माणसं, अंडं चालतं की नाही, तिखट किती, उद्यापासून. स्वयंपाकघराला एक दिवस द्या. दुसऱ्या रात्रीपासून डाळ, एखादी रस्सा भाजी, भात आणि नान किंवा पोळीसारखं काही बहुतेक मोठ्या जहाजांवर येतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा आणि जहाजावर चढल्यावर पुन्हा सांगा.

गोडाकडे लक्ष द्या. मूस, पन्नाकोटा, थंडगार थरांचे केक यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून काढतात. सासूबाईंसाठी मी दरवेळी विचारते. फळं आणि आइस्क्रीमवर त्यांचं भागतं.

बुफेमध्ये रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर बहुतेक दिवशी भारतीय पदार्थांचा एक कोपरा असतो, आणि कार्निव्हल या दुसऱ्या कंपनीच्या काही जहाजांवर तंदूर आहे. चहासाठी मसाल्याची डबी आणि आपली पत्ती घेऊन जा; गरम पाणी आणि दूध बुफेत चोवीस तास नाही तरी पहाटेपासून रात्रीपर्यंत मिळतं. किटली, इस्त्री किंवा विजेवर चालणारं कुठलंही शिजवायचं भांडं नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. कारखान्यात बंद केलेली बाकरवडी-चिवड्याची पाकिटं चालतात. घरी केलेल्या दशम्या चालत नाहीत, त्या गाडीतच बंदरापर्यंत संपवा.

जहाजावर भारतीय कर्मचारी भेटतातच, आणि त्यांत गोव्याचे बरेच. गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर काम करत आली आहेत. जहाजाची वाट बघताना राहता यावं म्हणून त्यांनी मुंबईत धोबीतलावच्या बाजूला उभारलेले गावागावांचे ‘कूड’ आजही आहेत. माझे बाबा मालवणचे. एकदा टेबलावर मडगावचा वेटर आला, तेव्हा बाबांनी मालवणीत सुरुवात केली आणि त्याने कोकणीत उत्तर दिलं. दोन दिवसांनी बाबांच्या पुढ्यात मेनूत नसलेली माशाची कढी आणि भात आला. ही माणसं महिनोन्‌महिने घरापासून लांब असतात. त्यांच्याशी दोन शब्द बोला, आणि शेवटच्या दिवशी नेहमीच्या टिपच्या वर हातात काहीतरी द्या. नेहमीची टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर अशी तुमच्या खात्यावर आपोआप लागते. ती खर्चात आधीच धरा.

बेटांवरचं जेवण शाकाहारी माणसाला फसवू शकतं, म्हणून हे नीट वाचा. बहामात ‘पीज अँड राइस’ हा भात सगळीकडे मिळतो आणि दिसायला तो आपल्या डाळ-खिचडीच्या वळणाचा असतो. पण तो बहुधा डुकराच्या खारवलेल्या मांसाचे किंवा बेकनचे तुकडे घालून करतात. मेक्सिकोत घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते आणि तांबडा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. तिथे ‘सिन कार्ने, सिन मांतेका’ म्हणा, म्हणजे मांस नको, चरबी नको. भाताबद्दल वेगळं विचारा. ग्वाकामोले, चीज घातलेला केसाडिया, भाजलेलं कणीस, फळं यांवर दुपार छान निघते. हिरवी किंवा केशरी हाबानेरोची चटणी मात्र आधी बोटाच्या टोकाने चाखा. युकातानकडची ही मिरची लवंगीपेक्षा कितीतरी जहाल असते.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. बहामात काँक, म्हणजे मोठ्या शंखातल्या मांसाची भजी आणि लिंबू पिळलेलं सॅलड मिळतं. कोझुमेलमध्ये आचिओटेचं तांबडं वाटण लावून भाजलेला ‘तिकिन-शिक’ मासा बाबांना सुरमईच्या तुकडीइतकाच आवडला. कुठे लायनफिश दिसला तर आवर्जून मागवा. हा मासा मूळचा आपल्या बाजूच्या समुद्रांतला, हिंदी आणि प्रशांत महासागरातला. अटलांटिकमध्ये माणसाच्या हातून शिरला आणि तिथल्या प्रवाळांवरची छोटी मासळी फस्त करत सुटला. विष त्याच्या काट्यांत असतं, मांसात नाही. तो खाल्ल्याने तिथल्या समुद्राचं भलंच होतं.

कोकोकेवरच्या फुकट ग्रिलवर टाको, बर्गर, भात, सॅलड असतं आणि व्हेज बर्गर मागावा लागतो. हातमोजे बदलून, तवा पुसून द्या म्हटलं तर ते करतात. साडेअकराला गेलात तर रांग नसते. तीनच्या सुमारास ग्रिल आवरायला लागतात, त्यामुळे ‘पोहून झाल्यावर खाऊ’ असं ठेवू नका.

जहाजातून बेटावर फळं, शिजवलेलं अन्न, सँडविच नेऊ नका. शेतीच्या कायद्यांमुळे दंड होतो. बंद पाकिटं चालतात. आणि जेवणाआधी हात साबण-पाण्याने धुवा. जहाजावर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर बाटलीतलं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

जहाज लागण्याचा, म्हणजे डुलण्याने मळमळण्याचा, त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली घ्या. तिथे डुलणं सगळ्यांत कमी. आलेपाकाच्या वड्या आमच्या घरात सगळ्यांच्या खिशात असतात. त्याउपर लागलं तर मेक्लिझिनची गोळी, डॉक्टरांना आधी विचारून.

कोझुमेल

इथे जहाजांचे तीन धक्के आहेत. पुंता लांगोस्ता हा सान मिगेल गावातच आहे, बाकी दोन गावाच्या दक्षिणेला. आपलं जहाज कुठे लागणार ते आधी बघा. टॅक्सीला मीटर नसतो, दरांचा फलक असतो. तो वाचून, डॉलर की पेसो ते विचारून मगच बसा.

पश्चिम किनारा शांत, पूर्व किनारा उघड्या समुद्राचा. पूर्वेकडे लाटा बघायला जा, पोहायला उतरू नका. वसंतापासून पावसाळ्यापर्यंत सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं आणि पूर्वेकडचे किनारे भरून जातात. पश्चिम बाजू बरीच वाचते. त्यामुळे महागड्या कबानाऐवजी इथे पश्चिमेकडच्या एखाद्या बीच क्लबचा दिवसाचा पास घ्या. झावळ्यांच्या छपराखाली खुर्ची, जेवण, पेय, स्वच्छतागृह सगळं त्यात येतं आणि खर्च कबानाच्या पासंगालाही पुरत नाही.

पाण्याखालची खरी श्रीमंती प्रवाळात आहे. मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत पसरलेली ही मेसोअमेरिकन प्रवाळरांग जगातल्या सर्वांत मोठ्या रांगांपैकी एक. मालवण-तारकर्लीला स्नॉर्केलिंग केलेल्यांना मुखवट्याची सवय असेल, पण इथे पाणी इतकं नितळ असतं की खोलीचा अंदाज चुकतो. पोहता येत असलं तरी जाकीट घाला. एल सिएलो नावाच्या उथळ भागात तळाच्या पांढऱ्या वाळूवर मोठमोठे तारामासे पहुडलेले दिसतात. गाइड फोटोसाठी एखादा वर काढून देऊ लागला तर नको म्हणा, तो हवेत गुदमरतो. आणि ज्यांना पाण्यात जायचंच नाही त्यांच्यासाठी सान हेर्वासियोचे माया लोकांचे अवशेष आहेत. झाडीतून पायी फिरायचं. डासांचं मलम लावून आणि टोपी घालून जा. कोआटी हा लांब शेपटीचा, नाकाने जमीन उकरणारा प्राणी चानकानाब उद्यानात किंवा पुंता सूरच्या वाटेवर दिसला तर लांबूनच बघा. कोझुमेलची कोआटी आणि तिथलं बुटकं रकून या बेटाबाहेर जगात कुठेही नाहीत. त्यांना खाऊ घालू नका.

ग्रँड केमनची पाकटं

ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटीतून जॉर्ज टाऊनला नेतात. चढ-उतारात बोट हलते. वयस्करांनी दोन्ही हात मोकळे ठेवावेत, सामान पाठीवर. इथला डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा मोठा, एका केमन डॉलरला १.२० अमेरिकन डॉलर असा बांधलेला. फलकावरची किंमत कोणत्या डॉलरमध्ये आहे ते विचारूनच मागवा.

ज्या एका गोष्टीसाठी मी इथे प्रत्येकाला पाठवते ती म्हणजे नॉर्थ साउंडमधला वाळूचा उथळा, स्टिंगरे सिटी. किनाऱ्यापासून लांब, चहूकडे निळं पाणी, आणि मध्येच कमरेएवढ्या पाण्यात तुम्ही उभे. आजूबाजूने दीड मीटरपर्यंत रुंद पाकटं, म्हणजे स्टिंगरे नावाचे चपटे मासे, पायांना घासून जातात. कोळी पूर्वी इथल्या शांत पाण्यात मासे साफ करायचे, त्या वासाने पाकटं जमू लागली. पुढे १९८० च्या दशकात पाणबुडे त्यांना हाताने खाऊ घालू लागले. मुळात हे प्राणी रात्री एकेकटे हिंडणारे. इथली मात्र दिवसा, थव्याने, बोटीच्या आवाजाला येतात. आमच्या बाबांनी पाकट आयुष्यभर बाजारात टोपलीतच बघितलेली. तिथे एक मादी त्यांच्या पोटरीला लागून वळसा घेऊन गेली, तेव्हा ते कितीतरी वेळ बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, ‘ह्यो कसो मऊ लागतो गो.’

तिथे वागायचं कसं? पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत सरका, म्हणजे पायाखाली पाकट असेल तर तिला कळतं. शेपटीच्या बुडाशी विषारी काटा असतो, तिकडे हात नेऊ नका. चपला बोटीवरच काढा. पाकट पाण्याबाहेर उचलणं कायद्याने बंद आहे. अंगठ्या, बांगड्या, चमकणारं काही काढून ठेवा. पोहता न येणाऱ्यांनाही इथे उभं राहता येतं, फक्त भरती आणि लाट किती आहे हे गाइडला विचारा. दुपारी अनेक जहाजांची माणसं एकदम उतरतात, म्हणून पहिल्याच बोटीची वेळ घ्या.

कासवांसाठी बेटावर मोठं केंद्र आहे आणि लहान मुलांना कासव हातात धरायला मिळतं म्हणून ते लोकप्रिय आहे. तिथे कासवं मांसासाठीही वाढवली जातात, हे माहीत असू द्या. आम्ही तिथे जात नाही. ज्यांनी वेळासच्या किनाऱ्यावर पिल्लांना समुद्राकडे जाताना बघितलंय, त्यांना टाकीतलं कासव हातात घेऊन आनंद होणार नाही असं मला मनापासून वाटतं. त्याऐवजी क्वीन एलिझाबेथ बोटॅनिक पार्कला जा. निळ्या इग्वाना जगात फक्त याच बेटावर आहेत. २००२ च्या पाहणीत रानात पंचवीसही उरल्या नव्हत्या. माणसांनी वाढवून सोडत २०१८ मध्ये हजारावी सोडली. वाटेत दिसणाऱ्या हिरव्या इग्वाना वेगळ्या. त्या बाहेरून आलेल्या असून त्यांची संख्या आटोक्यात आणायला सरकारने दहा लाखांहून जास्त मारल्या आहेत.

किनाऱ्यावरचं झाड आणि डेकवरचे पक्षी

कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं. चकचकीत पानं, हिरवट पिवळी सफरचंदासारखी फळं. चीक अंगाला लागला तर फोड येतात, फळ खाल्लं तर घसा सुजतो. पावसात याच्याखाली उभं राहू नका, कारण पानांवरून गळणारं पाणीही अंग भाजतं. बऱ्याच ठिकाणी खोडाला तांबडा पट्टा किंवा पाटी असते. मुलांना बेटावर उतरण्याआधीच सांगा: खाली पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

सनस्क्रीन घेताना डबीवरचे घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेलं, झिंक ऑक्साइडचं घ्या. अमेरिकन व्हर्जिन बेटांवर २०२० पासून प्रवाळाला अपाय करणाऱ्या सनस्क्रीनवर बंदी आहे. त्याहून चांगलं म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा. आपल्या बायकांना तो आवडतोही आणि पाठ भाजत नाही.

समुद्रावरच्या दिवशी पहाटे खालच्या उघड्या डेकवर, पुढच्या बाजूला जाऊन उभे राहा. जहाजाच्या हादऱ्याने उडणारे मासे थव्याने पाण्याबाहेर उसळतात आणि पाण्यावरून सरळ रेषेत लांबवर तरंगत जातात. त्यांच्या मागावर तपकिरी बूबी पक्षी जहाजाच्या बरोबरीने उडतात आणि अचानक सूर मारतात. यासाठी तिकीट, सहल, कबाना काहीच लागत नाही, एक छोटी दुर्बीण हवी. न्याहारीच्या वेळेला गर्दी वर बुफेत असते, तेव्हा खाली जागा मोकळी मिळते.

परतीच्या सकाळी अमेरिकेच्या कस्टम्समधून जावं लागतं. फळं, बिया, माती, मांस काहीही बरोबर ठेवू नका. न्याहारीच्या बुफेतलं केळं मुलांच्या पिशवीत राहिलंय का ते उतरण्याआधी बघा. प्रवाळाचे तुकडे आणि मोठे शंख विकत घेऊ नका, किनाऱ्यावरून उचलूही नका. राणी काँकच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. आदल्या रात्री सामान दाराबाहेर ठेवायचं असतं, त्यातून औषधं, पासपोर्ट आणि सकाळी घालायचे कपडे आधी बाजूला काढा.